पाण्यात म्हैस, बाहेर मोल

१९६२ साली ओकलंडच्या ‘रेडर्स’ या व्यावसायिक फुटबॉल संघाची जी वाताहत चालली होती, ती पाहून त्याच्या कोणाही भागीदाराला संन्यास घ्यावासा वाटला असता. हंगामातल्या चौदा सामन्यांपैकी संघाने जिंकला अवघा एक. अशा त्या दिवसांत संघ पूर्वेकडच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिघे जण बसले होते. एक संघाचे छोटे भागीदार बिल विंकेनबाख, दुसरे संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारे बिल टनेल आणि तिसरे ‘ओकलंड ट्रिब्यून’चे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग. या तिघांनी मिळून एक नवाच खेळ जुळवला. आपला संघ हरतो आहे ना, हरो बापडा! निरनिराळ्या संघांतले आपल्या पसंतीचे गडी वेचायचे, कागदावर आपला स्वतंत्र संघ मांडायचा आणि ते गडी आपापल्या खऱ्या सामन्यांत जो पराक्रम करतील त्याचे गुण आपल्या कागदी संघाच्या नावे जमा करायचे. पुढल्याच वर्षी, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, विंकेनबाख यांच्या ओकलंडमधल्या घरी गड्यांची पहिली वाटणी झाली.

या खेळाला तिकडे ‘फॅन्टसी फुटबॉल’ म्हणतात. मराठीत मी त्याला मनोराज्यातला फुटबॉल म्हणेन. विंकेनबाखांच्या घरात सुरू झालेला हा उद्योग आज अमेरिकेतली कोट्यवधी माणसे सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत इमानेइतबारे करीत असतात. आपल्याकडेही हा प्रकार अपरिचित नाही. क्रिकेटचे असे कागदी संघ बांधण्याचे वेड मुंबईत जन्मलेल्या ‘ड्रीम इलेव्हन’ने घरोघर पोचवले होते, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला तेव्हा त्यातला पैशांचा भाग बंद झाला, हे वाचकांना ठाऊकच आहे. पण पैशांची गोष्ट मला येथे करावयाची नाही. मला कुतूहल आहे ते मोल ठरवण्याच्या विद्येचे. एखाद्या बावीस वर्षांच्या पोराने पहिल्याच वर्षी डोळे दिपवणारी कामगिरी केली, तर दुसऱ्या वर्षी त्याच्यासाठी किती मोजावे? आणि तो पोरगा ‘टाइट एंड’ या जागेवर खेळणारा असला, तर मग प्रश्न आणखीच अवघड होतो.

हे ‘टाइट एंड’ प्रकरण आधी समजून घेतले पाहिजे. शब्दशः भाषांतर केले तर ‘घट्ट टोक’ असे काहीतरी विनोदी हाती लागते, म्हणून भाषांतराच्या नादी न लागता काम पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका बाजूचे अकरा गडी मैदानात असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात; असे सरकत सरकत प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन. चेंडू हातात धरून पळता येते किंवा पुढे फेकता येतो. फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्या रक्षणासाठी पुढे पाच धिप्पाड गड्यांची भिंत उभी असते, आणि या भिंतीला लागून, तिच्या अगदी टोकाशी उभा राहतो तो टाइट एंड. त्याला दोन नोकऱ्या एकदम कराव्या लागतात. एका डावात त्याने भिंतीचा दगड होऊन समोरच्या राक्षसाला अडवायचे, आणि पुढच्याच डावात सुटून पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलायचा. दगड आणि पाखरू, दोन्ही एकाच देहात.

अर्थातच ही विद्या लवकर साधत नाही. महाविद्यालयातून आलेल्या पोराला अडवण्याचे तंत्र, झेलण्याच्या वाटा आणि प्रत्येक डावाची सांकेतिक भाषा असे सगळे एकदम शिकावे लागते. म्हणून या जागेवरचे बहुतेक गडी पहिले वर्ष उमेदवारीत काढतात. १९६१ साली शिकागोच्या माइक डिटका या नवख्याने पहिल्याच हंगामात ५६ झेल घेऊन १०७६ यार्ड कमावले आणि १२ टचडाउन केले, तेव्हा लोक थक्क झाले. नवख्या टाइट एंडने हजार यार्डांची मजल गाठण्याचा पराक्रम त्यानंतर थेट २०२१ साली, म्हणजे साठ वर्षांनी, दुसऱ्यांदा घडला!

आता मनोराज्यातल्या फुटबॉलमधले गणित. समजा बारा मित्रांनी मिळून मंडळ केले. प्रत्येकाच्या संघात एक क्वार्टरबॅक हवा, धावणारे दोघे, लांबवर झेलणारे दोघे-तिघे आणि टाइट एंड एक. गुण देण्याची सर्वांत चालती रीत अशी: दर दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा, आणि पुष्कळ मंडळांत प्रत्येक झेलालाही एक. हंगामाच्या आधी ‘ड्राफ्ट’ होतो, म्हणजे पाळीपाळीने एकेक गडी उचलायचा. ज्याची पाळी पहिल्या फेरीत शेवटी, त्याची दुसऱ्या फेरीत आधी. एकाने उचललेला गडी दुसऱ्याला मिळत नाही. लांबवर झेलणारे चांगले गडी ढिगाने असतात. चांगले टाइट एंड मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. बारा जणांना बारा हवे आणि खरोखर उपयोगाचे चार किंवा पाच. मोसमाची पहिली हापूसची पेटी बाजारात येते तेव्हा तिचा भाव गोडीवर ठरत नाही, दुसरी पेटी नाही यावर ठरतो. तोच न्याय येथे लागू होतो.

हे सारे मला शिकवले ते माझ्या भाच्याने. तो न्यू जर्सीत असतो, संगणकाच्या कामात आहे, आणि त्याच्या कचेरीतल्या बारा जणांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवे मंडळ काढले. त्यांचा प्रकार जरा निराळा आहे. एकदा घेतलेला गडी वर्षानुवर्षे आपल्याकडेच राखता येतो, हवा तर दुसऱ्याशी अदलाबदल करता येतो. म्हणजे हा भाडेपट्टा नव्हे, खरेदीखत. अशा मंडळात तरुण गड्याला सोन्याचा भाव येतो हे उघडच आहे. भाच्याने पहिल्या दोन फेऱ्यांतच ब्रॉक बाऊअर्स हा टाइट एंड उचलला आणि रात्री मला फोन केला. “मामा, बावीस वर्षांचा आहे! दहा वर्षांची ददात मिटली.” मी म्हटले, “अरे, जावई शोधतोस की टाइट एंड?”

मात्र भाच्याचा आनंद अकारण नव्हता. बाऊअर्स हा कॅलिफोर्नियातल्या नॅपाचा मुलगा, जन्म डिसेंबर २००२ चा. जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळताना सर्वोत्तम टाइट एंडचे मॅकी पारितोषिक त्याने दोनदा मिळवले. त्याच्याआधी ते कोणालाच दोनदा मिळाले नव्हते. २०२४ च्या निवडीत रेडर्स संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले. होय, ज्यांच्या पराभवांतून मनोराज्यातला फुटबॉल जन्मला तोच हा संघ. मधल्या काळात लॉस एंजेलिस आणि पुन्हा ओकलंड करीत २०२० पासून तो लास वेगासला बिऱ्हाड करून आहे. बाऊअर्सने पहिल्या वर्षी ११२ झेल घेतले. एखाद्या नवख्याने, मग तो कोणत्याही जागेवरचा असो, एका हंगामात इतके झेल कधीच घेतले नव्हते. यार्ड झाले ११९४. डिटकाचा १९६१ पासूनचा उच्चांक मोडला. टचडाउन पाच. नुसत्या झेलांचा हिशेब केला तरी २६१ गुण होतात.

अशा वेळी मोल कसे ठरवावे? आपल्याकडे जुनी माणसे स्थळ पाहायला निघाली म्हणजे मुलाच्या शिक्षणाची चौकशी दोन मिनिटांत उरकीत आणि उरलेला वेळ घर पाहण्यात घालवीत. विहिरीला पाणी किती, भाऊ किती, सासऱ्याचा स्वभाव कसा. मुलगा हुशार आहे हे तर सगळ्या गावाला ठाऊक असते. त्याची किंमत आधीच चढलेली असते. फसगत होते ती घरात. टाइट एंडच्या बाबतीत मला हीच दृष्टी खरी वाटते, आणि तिच्या पुष्ट्यर्थ दोन उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत.

पहिले काइल पिट्सचे. २०२१ साली अटलांटाच्या संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. निवडीच्या इतिहासात टाइट एंडला इतका मान पूर्वी कधीही मिळालेला नव्हता. आणि वर म्हटलेला, साठ वर्षांनी घडलेला पराक्रम याचाच: ६८ झेल, १०२६ यार्ड. टचडाउन मात्र एकच. लोक म्हणाले, एवढे यार्ड आहेत तर टचडाउन पुढच्या वर्षी आपोआप येतील, आणि पुढच्या वर्षी त्याला चढ्या भावाने उचलते झाले. पण घर पाहिले कोणी? चेंडू फेकणारा अनुभवी मॅट रायन दुसरीकडे गेला, मार्कस मॅरिओटा आला. प्रशिक्षक आर्थर स्मिथ यांचा सारा भर चेंडू घेऊन पळण्यावर. फेकच थोडी, तर झेलणार काय? २०२२ मध्ये दहा सामन्यांत पिट्सचे झेल २८, यार्ड ३५६, आणि नोव्हेंबरात गुडघ्याचा स्नायुबंध फाटून हंगाम संपला. आदल्या वर्षीचे १७६ गुण ७५ वर आले. पोरगा तोच, हात तेच, उंची तीच! पुढच्या दोन वर्षांतही त्याने सातशे यार्डांचा पल्ला गाठला नाही.

दुसरे सॅम लापोर्टाचे. हा डेट्रॉइटचा, २०२३ च्या निवडीत चौतिसावा. पहिल्या वर्षी ८६ झेल, ८८९ यार्ड आणि तब्बल १० टचडाउन. गुण २३५ च्या घरात. याचे घर तर नांदते होते. क्वार्टरबॅक चांगला, प्रशिक्षक चांगले, संघ जिंकणारा. तरीही २०२४ मध्ये तो १७५ वर उतरला. कारण त्या घरात पोटे पुष्कळ आणि ताट एक. भरल्या घरात वाटा कमी मिळतो, हा संकटाचा दुसरा मासला. शिवाय टचडाउन हा मोठा लहरी पाहुणा आहे. यार्ड आणि झेल हे गड्याच्या कामावर बरेचसे अवलंबून असतात, पण शेवटच्या चार यार्डांत चेंडू कोणाकडे जाईल हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर आणि दैवावर. ॲरिझोनाच्या ट्रे मॅकब्राइडने २०२४ मध्ये १११ झेल घेतले आणि झेलून केलेले टचडाउन अवघे दोन. २०२५ मध्ये झेल १२६ आणि टचडाउन अकरा. दहा टचडाउन पाहून ज्याने लापोर्टाचे मोल केले त्याने पाहुण्याला घरचा माणूस धरले.

आता बाऊअर्सच्या घराकडे वळू. २०२४ मध्ये रेडर्स सतरांपैकी चार सामने जिंकले. त्या वर्षी चेंडू फेकणारे तीन निरनिराळे गडी होऊन गेले आणि तिघांपैकी एकालाही थोर म्हणता येणार नाही. डेव्हान्टे ॲडम्स हा संघातला नावाजलेला झेलणारा ऑक्टोबरातच न्यूयॉर्कला निघून गेला. म्हणजे वाटेकरीच उरला नाही. संघ सतत पिछाडीवर, म्हणून सतत फेक; आणि फेकायचे तर कोणाकडे? बाऊअर्सकडे. त्याच्या दिशेने त्या हंगामात १५३ चेंडू आले. ओसाड गावी एरंड बळी, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. हा एरंड नव्हे, चांगला सागवान आहे. पण त्या ११२ झेलांतले काही सागाचे आणि काही ओसाड गावाचे, एवढे तरी मानले पाहिजे. आणि दुसऱ्या वर्षी त्याला उचलणाऱ्यांनी पूर्ण ११२ चा भाव मोजला.

त्यातून घराचे कर्तेही बदलले. प्रशिक्षक अँटोनिओ पिअर्स यांना २०२५ च्या जानेवारीत निरोप मिळाला. त्यांच्या जागी सत्तरी ओलांडलेले, नामवंत पीट कॅरॉल आले. आक्रमणाची सूत्रे चिप केली यांच्याकडे, चेंडू जीनो स्मिथच्या हाती. कागदावर ही सुधारणाच होती, आणि भाच्याने मला ती मोठ्या अभिमानाने समजावून सांगितली. प्रत्यक्षात स्मिथच्या हातून प्रतिपक्षाला चेंडू बहाल होण्याचे प्रकार वारंवार घडले, केली यांना हंगाम चालू असताना नोव्हेंबरातच काढले, आणि संघ जिंकला तीन सामने. २०२६ च्या जानेवारीत कॅरॉलही गेले. म्हणजे तिसऱ्या वर्षी तिसरा प्रशिक्षक. महाविद्यालयात दर वर्षी नवा प्राचार्य आला तर वेळापत्रकाचे काय होते हे मला चांगले ठाऊक आहे. तेथे निदान गुडघे फुटत नाहीत.

गुडघ्याची गोष्ट ७ सप्टेंबर २०२५ ची. हंगामाचा पहिला सामना न्यू इंग्लंडच्या मैदानावर होता. बाऊअर्सने पाच झेलांत १०३ यार्ड कमावले होते. भाच्याच्या मंडळात त्याच्या नावाचा जयजयकार चालला असेल. आणि त्याच सामन्यात गुडघा दुखावला. तो बाहेर बसला.

पुढचे काही आठवडे मी एक मौजेची गोष्ट पाहिली. अमेरिकेत प्रत्येक संघाला आपल्या जायबंदी गड्यांची यादी दर आठवड्याला जाहीर करावी लागते, आणि त्यासाठी ठरावीक शब्द आहेत. ‘आउट’ म्हणजे खेळणार नाही. ‘डाउटफुल’ म्हणजे बहुधा नाही. ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे सांगता येत नाही. पूर्वी ‘प्रॉबेबल’, म्हणजे बहुतेक खेळेल, असाही एक शब्द होता. तो २०१६ साली काढून टाकला. भाषेच्या माणसाला यात फार रस वाटावा. आशेचा शब्द तेवढा वगळला, निराशेच्या दोन पायऱ्या आणि मधला अधांतर एवढे ठेवले! या तीन शब्दांवर कोट्यवधी लोकांचे शनिवारचे जेवण गोड किंवा कडू होते. भाचा मला रात्री-अपरात्री एकेक शब्द कळवी. एकदा त्याने लिहिले, “मामा, आता माझाच गुडघा दुखायला लागलाय.”

बाऊअर्स त्या गुडघ्यानिशी पुढचे तीन सामने खेळला. पहिल्या दिवशीच्या १०३ यार्डांच्या जवळपासही त्याला परत जाता आले नाही. मग तीन सामने तो खेळलाच नाही. येथे मला एक गोष्ट सांगाविशी वाटते. कागदी संघाचा मालक गड्याला तीनच रूपांत ओळखतो: गुण देणारा, कमी देणारा आणि न देणारा. यांपैकी मधल्या रूपावर तो सर्वांत जास्त चिडतो. जो पोरगा दुखऱ्या पायाने मैदानात उतरला तो त्याला लबाड वाटतो, कारण त्याच्यामुळे दुसरा गडी लावायचा राहून गेला! बाहेर बसला असता तर निदान जागा मोकळी झाली असती. आपल्या संघासाठी कळ सोसणाऱ्या माणसाचा दोष तो एवढाच. विंकेनबाखांच्या मंडळींना हे सुचले नसेल, पण त्यांनी जो खेळ काढला त्यात माणसाच्या हिमतीला वजा गुण आहेत.

असो. २ नोव्हेंबरला बाऊअर्स परतला, आणि कसा परतला! जॅक्सनव्हिलविरुद्ध बारा झेल, १२७ यार्ड, तीन टचडाउन. जादा वेळेत गेलेला तो सामना रेडर्स एका गुणाने हरले, पण मनोराज्यात बाऊअर्सचे गुण झाले ४२.७. भाच्याने त्या दिवशी त्याला बाकावर बसवून ठेवले होते. महिनाभर दूर असलेला गडी पहिल्याच दिवशी काय करणार, असा त्याचा हिशेब. हिशेब मुळीच गैर नव्हता. बाकावरच्या गड्याचे गुण मोजत नाहीत. दोन दिवस त्याचा फोन आला नाही.

पुढे डिसेंबरच्या अखेरीस, शेवटचे दोन सामने शिल्लक असताना, संघाने बाऊअर्सला जायबंदी गड्यांच्या राखीव यादीत टाकले आणि त्याचा हंगाम संपवला. बहुतेक मंडळांची अंतिम लढत नेमकी त्याच सुमारास, सतराव्या आठवड्यात, असते. वर्षाची बेरीज झाली बारा सामन्यांत ६४ झेल, ६८० यार्ड, सात टचडाउन, गुण १७४. लापोर्टाच्या दुसऱ्या वर्षाइतकेच, जवळजवळ गुणाला गुण.

आता वकिली करणारा म्हणेल: बारा सामन्यांत १७४ म्हणजे सामन्यागणिक साडेचौदा. पहिल्या वर्षीची सरासरी होती सव्वापंधराच्या किंचित वर. एवढ्या घरगुती धुमश्चक्रीत आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी हा फरक तो काय! युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण त्यातून २ नोव्हेंबरचा एक दिवस बाजूला काढा. उरलेल्या अकरा सामन्यांची सरासरी बारांनाही पोचत नाही. सरासरी ही मोठी मायावी बाई आहे. एका सणाच्या जेवणावर ती वर्षभर पोट भरल्याचे दाखवते. आठवड्याच्या आठवड्याला लढती जिंकायच्या असतील तर सणाचे ताट निराळे आणि रोजचे ताट निराळे मांडावे लागते.

मग भाच्याने चूक केली काय? माझे मत असे की गडी निवडण्यात नाही, भाव देण्यात थोडी. जोखमी चार प्रकारच्या असतात असे त्याचे मंडळ मानते, आणि ते सगळ्यांना सारख्याच तराजूत घालतात. मला ते पटत नाही. पोराच्या अंगी कसब आहे की नाही, ही जोखीम पहिल्या वर्षानंतर जवळजवळ उरतच नाही. ११२ झेल नशिबाने हाती येत नाहीत. शरीराची जोखीम कोणालाच मोजता येत नाही. टोनी गोन्झालेझ सतरा हंगाम खेळला आणि उण्यापुऱ्या दोन सामन्यांना मुकला. रॉब ग्रोंकाउस्कीने दुसऱ्याच वर्षी, २०११ मध्ये, सतरा टचडाउन केले आणि मग हात, पाठ, गुडघा असे एकेक अवयव वैद्यांच्या हवाली करीत २०१९ मध्ये, तिशीही न गाठता, पहिल्यांदा निवृत्ती घेतली. ट्रॅव्हिस केल्सीचे तर पहिले वर्षच, २०१३ साल, गुडघ्याच्या दुखण्यात वाया गेले, आणि त्यानेच पुढे २०१६ ते २०२२ अशी ओळीने सात वर्षे हजारांहून अधिक यार्ड कमावले. या तिघांना पहिल्या दोन वर्षांत कोणी रांगेत उभे करून शरीरावरून भविष्य सांगितले असते, तर तो ज्योतिषी उपाशीच मेला असता. गुडघा हा सगळ्यांनाच सारखा अज्ञात. म्हणून त्याची धास्ती घेऊन भाव पाडणेही व्यर्थ आणि त्याला विसरून भाव चढवणेही व्यर्थ.

घराची जोखीम मात्र डोळ्यांना दिसते. फेकणारा कोण, प्रशिक्षकाची वृत्ती फेकीची की पळण्याची, वाटेकरी किती, गेल्या वर्षीचे कोणते वाटेकरी या वर्षी परतणार. यांतले बरेचसे ऑगस्टच्या आधी वर्तमानपत्रांतच छापून येते. ते कोणी वाचत नाही, कारण त्यात पराक्रम नाही. आणि चौथी जोखीम भावाची. मॅकब्राइडच्या नावापुढे पहिल्या वर्षी, २०२२ मध्ये, होते २९ झेल आणि २६५ यार्ड. अशा पोराकडे तेव्हा कोण पाहणार? त्याला त्या वेळी उचलून ठेवणाऱ्याने जवळजवळ काही मोजले नाही आणि २०२५ मध्ये ३१६ च्या आसपास गुण घेतले. टाइट एंड उशिरा पिकणारे फळ आहे हे सगळे तोंडाने बोलतात. पण एखादे लवकर पिकले की कैऱ्यांची पेटी कोणी पाहत नाही. सगळे त्या एका फळावर तुटून पडतात आणि ते दर वर्षी असेच पिकेल असे धरून चालतात.

म्हैस पाण्यात डुंबत असावी आणि काठावर उभे राहून नुसती शिंगे पाहून तिचे मोल करावे, तसा हा सौदा. नॅपाच्या त्या मुलाची शिंगे नामी आहेत यात वादच नाही.

जानेवारीत कॅरॉल यांना निरोप मिळाल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात भाच्याच्या एका सहकाऱ्याने अदलाबदलीचा देकार दिला: बाऊअर्स दे आणि त्याच्या बदल्यात लांबवर झेलणारा एक मुरलेला गडी घे, वर पुढच्या ड्राफ्टमधली एक पाळीही. भाच्याने मला सल्ला विचारला. मी म्हटले, “देणारा का देतो आहे ते आधी पाहा. त्याला गुडघा दिसत नाही, की तुझी धास्ती दिसते आहे?” माझे गणित सरळ होते. ऑगस्टमध्ये त्याने चढा भाव दिला तो गेला. तो काही परत येणार नाही. आता प्रश्न आजच्या भावाचा. आणि आज, दुखऱ्या गुडघ्याच्या आणि तीन विजयांच्या वर्षानंतर, तेवीस वर्षांच्या या पोराचा भाव त्याच्या कसबाच्या मानाने पडलेला आहे. घर इतके विस्कटलेले की ते आणखी बिघडण्याला फारशी जागा नाही. नव्या प्रशिक्षकाने चेंडू जरा बऱ्या हाती दिला तरी पुष्कळ. विकायचाच होता तर गेल्या वर्षी जानेवारीत, ११२ झेल ताजे असताना विकण्यासारखा होता. पण तेव्हा तो भाच्याकडे नव्हता.

“म्हणजे ठेवू ना, मामा?”

“ठेव. पण ११२ मोजून नको. ऐंशी मोज, आणि जोडीला दुसरा एक टाइट एंड बाकावर ठेव. साधा, रोजचे आठ-नऊ गुण देणारा.”

त्याने सहकाऱ्याला नकार कळवला. दुसरा टाइट एंड कोणता घ्यावा याबद्दल मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही. त्याला पुन्हा एक एकवीस वर्षांचाच हवा आहे.